आधी पाण्याची वेळ, मग गाडीचा विचार

(रौप्य महोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कुटुंब मेळाव्यात, उन्हाळी सहलीच्या नियोजनाबद्दल केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्ते आपल्या सोसायटीचे ज्येष्ठ सभासद असून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, सहलीवर थोडं बोला, पण धरणाचा इतिहास नका सांगू." आता पाटबंधारे खात्यात जन्म गेलेल्या माणसाला धरणाच्या सहलीवर बोलायला लावायचं आणि धरणावर बोलू नका म्हणायचं, म्हणजे हलवायाला मिठाईच्या दुकानात तोंड बांधून बसवण्यासारखं झालं. तरी मी प्रयत्न करतो.

रौप्य महोत्सवाची सहल एखाद्या जलाशयावर न्यायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. त्यापुढे मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन पक्ष झाले. तरुण मंडळी म्हणतात कॅराव्हॅन करू, म्हणजे ते फिरतं घर, आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास. दुसरा पक्ष म्हणतो दोन मिनीबस पुरे झाल्या, उगाच खर्च कशाला. आणि तिसरा पक्ष आमच्या वयाच्या लोकांचा. म्हणजे आमचा पक्ष आम्ही काढला नाही, तो आमच्यासाठी काढला गेला. "उन्हाचे दिवस आहेत, म्हाताऱ्या माणसांना घरीच राहू द्या."

पंधरा दिवस चर्चा गाडीवरच चालू आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण उलट्या टोकाने सुरुवात केली. जलाशयाची सहल गाडीपासून ठरवायची नसते, ती पाण्यापासून ठरवायची असते. पाण्यावर कोणत्या वेळी, किती जण, कशा होडीत बसणार, हे आधी नक्की करा. मग निघायचं कधी, मुक्काम कुठे, गाडी कोणती, जेवण काय, हे सगळं आपोआप ठरत जातं.

आधी फिरत्या घराबद्दल दोन शब्द. हे काही आपल्याला नवीन नाही बरं का. अमरावती रोडवर, खडगाव रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनसमोर रोज जे ट्रक उभे असतात, त्यांच्या केबिनमध्ये ड्रायव्हर-क्लीनर झोपतात, शेजारी स्टोव्ह पेटवून भाजी करतात, आरशात बघून दाढी करतात. देशातलं फिरतं घर बघायचं तर आपल्या वाडीसारखी जागा नाही. आणि त्याच्याही आधी आपले आजोबा-पणजोबा रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला बैलबंडीने जायचे, तेव्हा बंडीत काय नसायचं? पीठ, मीठ, तवा, सरपण, गोधडी, बैलांची वैरण. बंडी सोडली की तिच्याखाली सावली आणि तिच्याशेजारी चूल. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण विदर्भातला माणूस हे पिढ्यान्‌पिढ्या करून राहिला आहे.

तेव्हा गाडीला माझा विरोध नाही. गाडीकडे मी परत येतो. आधी पाणी.

जलाशय कोणता? अंबाझरी आपल्या दारातच आहे, मुलांनी शंभरदा पाहिलंय, त्याला सहल म्हणत नाहीत. तोतलाडोह, म्हणजे मेघदूत जलाशय, फार सुंदर आहे. पण तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे आपल्या मर्जीने गाडी लावून डबे उघडता येत नाहीत, आणि येऊही नयेत. वर्ध्याकडचं बोर धरण चांगलं आहे, पण तिथेही शेजारी व्याघ्र प्रकल्पच आहे. गोसीखुर्दचं पाणी म्हणजे समुद्रच. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं, आणि वैनगंगेकाठच्या कितीतरी लोकांची घरं-शेतं त्या पाण्याखाली गेली. ते अवश्य बघावं, पण साठ माणसांच्या लेकुरवाळ्या सहलीला तो पसारा मोठा होतो.

राहिली खिंडसी. रामटेकच्या पलीकडे, डोंगरांच्या कुशीत, सूर नदीवरचा इंग्रजांच्या काळातला तलाव. भातशेतीसाठी बांधलेला. वाडीहून साधारण 60 किलोमीटर. रिंग रोडने ऑटोमोटिव्ह चौक, तिथून कामठी, कन्हान, मनसर आणि रामटेक. शहराच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. नौकाविहाराची सोय तिथे पूर्वीपासून आहे, आणि रामटेक जवळ असल्यामुळे मुक्कामाची, दवाखान्याची, दुकानांची सोय आहे. शिवाय गडमंदिर आहे, कालिदासाचं स्मारक आहे. कालिदासाच्या यक्षाने ज्या रामगिरीवरून मेघ पाठवला, तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं आपण मानतो. म्हणजे ढगाची वाट बघायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, आणि एप्रिलमध्ये आपण सगळे तेच करत असतो.

कोणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं, एवढ्या लांब कशाला, वेणा जवळ आहे, बाजारगावकडे गेलं की झालं, तिथल्या होडीवाल्याला दोनशे-तीनशे रुपये दिले की फिरवून आणतो. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मुलांसमोर हे एकदा स्पष्ट सांगितलं पाहिजे.

9 जुलै 2017. रविवार होता. नागपूरची तरुण पोरं वेणा तलावावर सहलीला गेली होती. साध्या मासेमारीच्या होडीत अकरा जण बसले. फोटो काढणं चालू होतं, फेसबुकवर थेट दाखवणं चालू होतं. अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. होडी उलटली आणि आठ जण गेले. आठ घरं, मंडळी. आपल्याच रस्त्यावरून पोरं गेली आणि आपल्याच रस्त्याने ॲम्ब्युलन्स परत आल्या. त्या पोरांना वाईट म्हणू नका. ती हसत होती, एकमेकांना धरून फोटो काढत होती, म्हणजे तुमची-आमची पोरं जे करतात तेच करत होती. म्हणूनच ही गोष्ट आपल्याला सांगावी लागते.

होडी का उलटते, हे मुलांनो, तुम्ही उद्याच घरी करून बघा. एका टबात पाणी घ्या. त्यात परात तरंगत ठेवा. परातीत आठ-दहा बटाटे पसरून ठेवा, परात तरंगते. आता सगळे बटाटे एका काठाला सरकवा. काय झालं? परत बटाटे पसरा आणि मधोमध पाण्याने भरलेला उंच तांब्या उभा ठेवा, आणि परातीला बोटाने नुसता धक्का द्या. काय झालं? बटाटे म्हणजे आपण बसलेले, आणि तांब्या म्हणजे सेल्फीसाठी उभा राहिलेला दादा. याच्यापुढे मला फार काही शिकवायला नको.

हे नुसतं आपल्याकडेच घडलं असं नाही. केरळात थेक्कडीला, तोही पेरियार नदीवरचा जलाशयच, 30 सप्टेंबर 2009 रोजी पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि 45 माणसं गेली. काठावर जनावरं दिसली म्हणून वरच्या मजल्यावरची माणसं एका बाजूला झाली, असं तेव्हा सांगितलं गेलं. बडोद्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. आणि त्याच वर्षी 21 मे ला आपल्या उजनी धरणात, कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जण बुडाले. ते सहलीला निघाले नव्हते, रोजच्यासारखं या काठावरून त्या काठाला निघाले होते. एक जण मात्र पोहत काठाला आला, त्याने बातमी दिली.

चार ठिकाणं, चार कारणं. उभं राहणं, एका बाजूला होणं, जास्त माणसं, आणि उन्हाळ्यातला दुपारनंतरचा वारा. या चारही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. वारा थांबवणं हातात नाही, पण वाऱ्याच्या वेळेला पाण्यात नसणं हातात आहे.

आता थोडं धरणाचं सांगतो, सचिव साहेब, घड्याळ बघू नका, दोनच मिनिटं. तलावाचं पाणी आणि विहिरीचं पाणी यांत फरक असतो. मोकळं लांबलचक पाणी असलं की वाऱ्याला धावायला जागा मिळते. जितकी लांब धाव, तितकी मोठी लाट. काठावरून बघणाऱ्याला नुसतं पाणी हलताना दिसतं, मधे बसलेल्याला ते कळतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी हवा पडलेली असते, दुपारी जमीन तापते, तीन-चारनंतर एखाद्या दिवशी काळं भरून येतं, धुळीचं वावटळ सुटतं, विजा कडाडतात आणि गारपीटसुद्धा होते. हे अर्ध्या तासात होतं. म्हणून नियम पहिला: आपली होडी सकाळी साडेसहा ते साडेआठ. नंतर कोणी कितीही आग्रह केला तरी पाण्यावर कोणीही नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, जवळपास वीज कुठे पडतेय ते सांगतं. ते आमच्यासारख्यांपेक्षा तुम्हाला लवकर समजतं. दोन पोरांनी ते फोनमध्ये घेऊन ठेवायचं, ती त्यांची ड्युटी.

दुसरं असं की उन्हाळ्यात जलाशय आटलेला असतो. पाणी शेतीला गेलं, पिण्याला गेलं, उन्हाने उडालं. मग काठाची उघडी पडलेली जमीन दिसते. वरून ती वाळलेली असते, तडे गेलेले असतात, आणि खाली चिखल. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत. धरणाच्या भिंतीसाठी पुष्कळदा बुडीत क्षेत्रातूनच माती काढलेली असते, त्या खाणी पाण्याखाली तशाच राहतात. म्हणजे चार पावलं कमरेएवढं पाणी आणि पाचव्या पावलाला डोक्यावरून. जुना नाला असतो, झाडांचे बुंधे असतात. नदीवर पोहणारा पट्टीचा पोहणारासुद्धा इथे फसतो. म्हणून नियम दुसरा: पोहणं नाही, डुंबणं नाही, "नुसते पाय भिजवतो" हेही नाही. नागपूरच्या उन्हात हे ऐकायला कठीण जातं, मला माहीत आहे. घरी आल्यावर गच्चीवर पाईप लावून देऊ, भिजा पाहिजे तेवढं.

त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर काही ठिकाणी हिरवे पट्टे दिसतील. ती गाळपेर असते. पाणी हटलं की तिथल्या ओलीवर लोक काकडी, टरबूज, डांगर लावतात. पावसाळा आला की ती जमीन परत पाण्यात. तो चार महिन्यांचा संसार असतो कोणाचा तरी. त्याच्यातून क्रिकेट खेळत जाऊ नका. टरबूज विकत घ्या, गोड असतं.

नियम तिसरा लाईफ जॅकेटचा. जॅकेट सगळ्यांना. पोहता येणाऱ्यालाही, आजोबांनाही, फोटो काढणाऱ्यालाही, अध्यक्षांनाही. जॅकेट नुसतं गळ्यात अडकवायचं नाही, सगळे बकल लावायचे, पट्टे ओढायचे. लहान मुलाला घातल्यावर खांद्याजवळ धरून वर उचलून बघायचं. जॅकेट हनुवटीच्या आणि कानाच्या वर सरकलं तर ते त्याचं जॅकेट नाही, लहान मापाचं मागा. मापाचं नसेल तर ते मूल काठावर थांबेल, आणि त्याच्यासोबत त्याचे आई किंवा बाबा थांबतील, रडू दे थोडं. ताई-वहिनींना विनंती, होडीच्या सकाळी साडी नको, पंजाबी ड्रेस बरा. भिजलेली साडी पायाला गुंडाळते. खांद्यावरची जड पर्स काठावर ठेवा.

चौथा नियम आकड्याचा. आतापर्यंत 63 नावं आली आहेत. त्यांत बारा वर्षांखालची 14, पासष्टीच्या वरची 11. होडीच्या पाटीवर दहा लिहिलं असेल तर आपण आठच बसायचे. म्हणजे आठ फेऱ्या. एका फेरीला चढण्या-उतरण्यासकट अर्धा तास धरा. एक होडी असेल तर चार तास लागतील, म्हणजे ऊन डोक्यावर येईल. दोन होड्या असतील तर दोन तासांत सगळे मोकळे, साडेसहा ते साडेआठ. म्हणून दोन होड्या हव्या, किंवा मग माणसं कमी. बघा, पाण्यावरून हिशोब केला की कसा सुटतो.

पाचवा नियम, काठावर कायम दोन मोठी माणसं, हातात लांब दोरी, आणि दोरीला बांधलेला 20 लिटरचा रिकामा पाण्याचा कॅन, झाकण घट्ट लावलेला. आपल्याकडे येतो ना, तोच. एक बुडता माणूस त्याला धरून आरामात तरंगू शकतो. कोणी पाण्यात पडलं तर उडी मारायची नाही, दोरी फेकायची. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेलाच आधी जातो, हे आम्ही खात्यात पाहिलेलं आहे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगून पोटातलं पाणी काढणं हा सिनेमातला प्रकार आहे, तो करू नका. श्वास चालतो का बघा, नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, आणि दुसऱ्याने लगेच 108 ला फोन. हे कसं करायचं ते नुसतं ऐकून येत नाही. आपल्या सोसायटीत नर्सिंगमधल्या दोन मुली आहेत. सहलीच्या आधीच्या रविवारी त्यांनी खाली पार्किंगमध्ये सगळ्यांना उशीवर करून दाखवावं, अशी माझी सूचना आहे.

आता वेळ ठरली की बाकी सगळं ठरलं. सकाळी साडेसहाला पाण्यावर असायचं तर एक तर वाडीहून पहाटे चारला निघा, म्हणजे ड्रायव्हर झोपेत आणि मुलं रडत. नाही तर आदल्या संध्याकाळी निघा. मला दुसरं पटतं. शनिवारी ऊन कलल्यावर पाचला निघायचं, सातला रामटेक, रात्री मुक्काम, लवकर जेवण, लवकर झोप. रविवारी होडी, नंतर नाश्ता, ज्यांना जमेल त्यांनी गड, आणि साडेदहाला परतीला. बारा-साडेबाराला घरी, कूलरसमोर. दुपारचं पूर्ण ऊन वाचलं. तारीख परीक्षा संपल्या की लगेचची, एप्रिलमधली धरा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून मे महिना मोकळा वाटतो, पण 25 मेच्या सुमारास नवतपा लागतो, त्याच्या जवळपासही जायचं नाही.

आता गाडी. मंडळी, 63 माणसांसाठी कॅराव्हॅन कशी पुरेल? चार-सहा माणसांची ती गाडी. पण म्हणून ती नको, असंही मी म्हणत नाही. दोन मिनीबस, 32-32 आसनांच्या, आणि त्यांच्यासोबत एक कॅराव्हॅन. ती कशाला? हे मी जरा स्पष्ट बोलतो, रागावू नका. तलावाकाठी आपण पुरुष कुठेही जाऊन येतो. बायकांची काय सोय असते? गेल्या कितीतरी सहलींमध्ये मी बघतो, आपल्या वहिनी, काकू सकाळपासून पाणीच पीत नाहीत. का, तर जायचं कुठे. चाळीस-बेचाळीस अंशांत माणूस पाणी न पिता फिरला तर त्याला ऊन लागणारच. आणि मग आपण म्हणतो, बायकांना ऊन सोसत नाही. ऊन सोसतं, सोय नसते. बाळाला दूध पाजायला आडोसा नसतो. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन थंड ठेवायला जागा नसते. माझ्यासारख्याला पाठ टेकायला दहा मिनिटं पलंग नसतो. ही सगळी सोय त्या एका गाडीत आहे. तेव्हा कॅराव्हॅन ही चार तरुणांची चैन म्हणून न करता सगळ्या सोसायटीची खोली म्हणून करू. मग तिचं भाडं 28 फ्लॅटमध्ये वाटायला कोणाची ना नसावी, आणि म्हाताऱ्यांना घरी ठेवायचं कारणही उरत नाही.

त्या गाडीचे काही कायदे आहेत. टाकीत शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, वळणावर ते हिंदकळतं, म्हणून गाडी सावकाश. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरच्या समोर चिकटवा, झाडाची फांदी आणि कमान बसच्या अंदाजाने बघू नये. चालत्या गाडीत गॅस बंद, सिलिंडरची टोपी बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी उभी करून, खिडक्या लावून, इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून आत झोपायचं नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. आणि एसी बंद असलेल्या गाडीत लहान मुलाला दोन मिनिटंसुद्धा एकटं ठेवायचं नाही. बाहेर 42 असलं की आत भट्टी होते.

संडासाची टाकी तलावाकाठी, नाल्यात, शेतात कुठेही रिकामी करायची नाही. ते पाणी कोणाच्या तरी शेताला आणि तोंडाला जाणार आहे. टाकी आपण परत आणू आणि आपल्याच सोसायटीच्या सेप्टिक चेंबरमध्ये रिकामी करू. हे काम माझ्याकडे द्या, मला त्याची लाज वाटत नाही.

बस ठरवताना पिवळ्या पाटीचीच ठरवायची. कोणाच्या ओळखीची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण भाड्याने चालवलेल्या खासगी गाडीचा काही अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात. परवाना, फिटनेस, विमा, तिन्ही कागद बघा. टायर बघा. टायर कसा बघायचा हे वाडीच्या माणसाला मी सांगायचं म्हणजे कमालच झाली. आणि ड्रायव्हर दादांना रात्री खोली आणि पलंग द्या, आपल्या पंगतीत जेवायला बसवा. 63 जीव त्यांच्या झोपेवर अवलंबून आहेत.

जेवणाचं भगिनी मंडळाने ठरवावं, माझी लुडबुड नको. एवढंच म्हणतो, उन्हाळ्यात दुधाचं, मावळ्याचं काही नको. शनिवारी रात्री पोळ्या, झुणका, कांदा, ठेचा. रविवारी पोहे, तर्री थोडी हलकी ठेवा. कैरीचं पन्हं मात्र भरपूर. पाणी माणशी चार लिटर धरा. दुपट्टा आणि टोपी प्रत्येकाकडे. पत्रावळी न्या, प्लास्टिकच्या प्लेटा नको. जो कचरा नेऊ तो पोत्यात भरून परत आणू.

शेवटचं. सहलीच्या आठ दिवस आधी आपल्यातल्या दोघांनी मोटारसायकलवर खिंडसीला जाऊन यायचं. होडी किती वाजता सुरू करता, किती आहेत, किती माणसं बसवता, लहान मुलांच्या मापाची जॅकेट किती आहेत, बकल तुटलेले तर नाहीत, हे समोर बघून लिहून आणायचं. फोनवर सगळेच "हो साहेब, सगळं आहे" म्हणतात. जॅकेट कमी असतील तर होडी रद्द. आपण काठावर बसू, पन्हं पिऊ, गडावर जाऊ, भेंड्या खेळू, पण जॅकेटशिवाय पाण्यावर एक माणूस जाणार नाही. हे आज इथेच ठरवावं, कारण तिथे गेल्यावर मुलं हट्ट करतात, होडीवाला म्हणतो काही होत नाही, आणि पैसे भरलेले असतात. काठावर उभं राहून "नाही" म्हणणं कठीण असतं. गच्चीवर बसून म्हणणं सोपं आहे.

तेव्हा अध्यक्ष साहेब, माझी विनंती आहे की ठराव मांडावा. एक, सहल एप्रिलमध्ये, खिंडसीला, शनिवारी संध्याकाळी निघून रविवारी दुपारपर्यंत परत. दोन, नौकाविहार सकाळी साडेआठपर्यंतच, आणि जॅकेट नाही तर होडी नाही. तीन, दोन बस आणि एक कॅराव्हॅन, भाडं सगळ्या फ्लॅटमध्ये सारखं. चार, ज्याला यायचं आहे त्याला वयाच्या कारणावरून कोणी अडवणार नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा जी पोरं कडेवर होती ती आज सहलीचं बुकिंग करून राहिली आहेत. त्यांनी आम्हाला न्यावं, आणि आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगाव्या, एवढंच. आता हात वर करा, म्हणजे सचिवांना नोंद घेता येईल.



(चारही ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाले. पाहणीसाठी दोन सभासदांची नावे त्याच बैठकीत ठरली. — संपादक मंडळ)